दोन वर, दोन वधू आणि कॅमेरा

इंग्लंडमधल्या एखाद्या गावच्या सभागृहात दोन पुरुषांचे किंवा दोन स्त्रियांचे लग्न लागणे ही तिथे आता बातमी राहिलेली नाही. छताच्या तुळयांवरून जुन्या शर्टांच्या कापडाच्या तिकोनी पताका सोडलेल्या असतात. टेबलांवर जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत परसातली फुले असतात. केकवर साखरेच्या वर-वधूऐवजी लोकरीच्या विणलेल्या दोन बाहुल्या बसवलेल्या असतात आणि पाहुण्यांना परतभेट म्हणून घरी शिजवलेल्या मुरंब्याची इवलीशी बरणी मिळते. सभागृह साधे, खर्च बेताचा आणि मंडळी मोजकीच. पण जवळजवळ प्रत्येक वस्तूला घरातल्या कोणाचा ना कोणाचा हात लागलेला असतो.

अशा लग्नाचे फोटो काढणे हे लग्नाच्या फोटोग्राफीतले एक निराळे काम आहे. एरवी लग्नाच्या अल्बमचा क्रम ठरलेला असतो. नवरी नटते, नवरा वाट पाहतो, ती येते, तो वळून पाहतो, आणि सजावट करणाऱ्याने उभारलेल्या मंचावर दोघांचा फोटो निघतो. समलिंगी जोडप्याच्या घरगुती लग्नात हा क्रम दोन ठिकाणी तुटतो. वर आणि वधू अशी जोडी नसते आणि सजावट कोणत्याही कॅटलॉगमधून आलेली नसते. त्यामुळे काय टिपायचे आणि कशाला महत्त्व द्यायचे, हे फोटोग्राफरला त्या दोघांकडूनच समजून घ्यावे लागते.

कायदा आला, मग अल्बम आला

ब्रिटनमध्ये हे सगळे फार जुने नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध १९६७ साली, तेही मर्यादित स्वरूपात, गुन्ह्यांच्या यादीतून वगळले गेले. पुढे १९८८ साली स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यात ‘कलम २८’ आले. समलिंगी जोडप्याचे कुटुंब म्हणजे कुटुंबाचे नुसते सोंग, असा त्या कलमाच्या भाषेचा सूर होता. नवी दिल्लीत जन्मलेले आणि लंडनमध्ये काम करणारे छायाचित्रकार सुनील गुप्ता यांनी त्याच वर्षी या कलमाला उत्तर म्हणून जोडप्यांची एक छायाचित्रमालिका केली आणि तिला कलमातल्याच शब्दांचे शीर्षक दिले. त्याआधी दिल्लीतल्या समलिंगी पुरुषांवर त्यांनी केलेल्या ‘एक्झाइल्स’ या मालिकेत अनेकांनी चेहरा कॅमेऱ्याकडे केलेलाच नव्हता.

कलम २८ इंग्लंडमध्ये २००३ साली रद्द झाले. २००५ च्या डिसेंबरपासून जोडप्यांना नागरी भागीदारीची नोंद करता येऊ लागली. २०१३ साली समलिंगी विवाहाचा कायदा संमत झाला आणि २९ मार्च २०१४ रोजी मध्यरात्रीचे ठोके पडताच पहिली लग्ने लागली. स्कॉटलंडमध्ये त्याच वर्षाच्या अखेरीस आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०२० साली हा हक्क मिळाला. जगात हा मान सर्वांत आधी नेदरलँड्सने मिळवला होता. तिथे १ एप्रिल २००१ रोजी अशी पहिली लग्ने झाली. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २६ जून २०१५ च्या निकालाने हा हक्क सर्व राज्यांत पोहोचला.

फोटोग्राफरच्या धंद्यावरही कायद्याचा थेट परिणाम झाला. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यानुसार, सेवा देणाऱ्या व्यावसायिकाला ग्राहकाच्या लैंगिकतेवरून काम नाकारता येत नाही. अमेरिकेत मात्र हा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. न्यू मेक्सिको राज्यात एका स्टुडिओने २००६ साली दोन स्त्रियांच्या सोहळ्याचे फोटो काढायला नकार दिला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१३ साली निकाल स्टुडिओच्या विरोधात लागला. दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लग्नाच्या वेबसाइट तयार करू पाहणाऱ्या एका व्यावसायिकेच्या बाजूने, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर कौल दिला. म्हणूनच अनेक जोडपी आजही फोटोग्राफर ठरवताना दरपत्रकाच्या आधी त्याचे जुने काम पाहतात. आपल्यासारख्या जोडप्यांचे फोटो त्यात आहेत का, हे त्यांना पाहायचे असते.

जुन्या पोझ का जमत नाहीत

छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जगापुढे आला. राणी व्हिक्टोरियाचे लग्न पुढच्याच वर्षी झाले, पण त्या दिवसाचा फोटो नाही. रॉजर फेंटन याने राणीचे आणि अल्बर्टचे जोडीने फोटो काढले ते १८५४ साली, लग्नाला चौदा वर्षे उलटल्यावर. नंतरही बराच काळ नवदांपत्य स्टुडिओत जाऊन एखादा फोटो काढून घेत असे, कारण कॅमेरे अवजड होते आणि लेन्स बराच वेळ उघडी ठेवावी लागे. समारंभभर फोटोग्राफर हिंडतो आहे, हे चित्र दुसऱ्या महायुद्धानंतर रुळले.

या सगळ्या काळात पोझची एक भाषा घडत गेली. उंच पुरुष मागे, ठेंगणी स्त्री पुढे. त्याचा हात तिच्या कमरेवर, तिचा हात त्याच्या छातीवर. तो कॅमेऱ्याकडे पाहतो, ती त्याच्याकडे. एकाने आधार द्यायचा आणि दुसऱ्याने टेकायचे, हा या पोझमागचा हिशेब. दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना त्याच साच्यात बसवले, की एकाला उगीच ‘नवरी’ व्हावे लागते आणि फोटोत दोघेही अवघडलेले दिसतात.

त्यामुळे जाणकार फोटोग्राफर पोझ देण्याऐवजी काहीतरी करायला सांगतात. दोघांनी हातात हात घालून चालत यावे, जिन्याच्या पायऱ्यांवर वरखाली बसावे, एकमेकांच्या कोटावरचे फूल नीट करावे, भिंतीला टेकून शेजारीशेजारी उभे राहावे. घरी सोफ्यावर ही दोघे कशी बसतात, कोण कोणाच्या खांद्यावर मान टाकतो, हे आधी पाहिलेले असेल तर काम सोपे होते. उंचीत फार फरक नसेल, तर कपाळाला कपाळ टेकवलेला फोटो सहज साधतो. फरक असेल तर एकाला बसवून दुसऱ्याला उभे करावे. मात्र पुढच्या फोटोत जागा बदलाव्यात. अल्बमभर एकच जण पुढे आणि दुसरा मागे राहिला, की नकळत जुनाच साचा परत येतो.

प्रश्न विचारण्याची रीतही इथे महत्त्वाची ठरते. ‘तुमच्यात नवरा कोण?’ हा प्रश्न या जोडप्यांनी शंभरदा ऐकलेला असतो आणि तो फोटोग्राफरकडून पुन्हा ऐकायची त्यांची इच्छा नसते. नोंदणीच्या फॉर्मवर वर आणि वधू असे रकाने न ठेवता दोन नावांसाठी दोन रिकाम्या ओळी ठेवल्या तरी अर्धे काम होते.

आधीची बैठक

लग्नाच्या काही आठवडे आधी जोडप्याशी होणारी बैठक इथे नेहमीपेक्षा मोठी असते. पहिला मुद्दा तयारीचा. दोघेही ‘नटणारे’ असतात, अनेकदा वेगवेगळ्या घरांत. एकच फोटोग्राफर असेल, तर दोन्हीकडे सारखा वेळ देण्याचे गणित बसवावे लागते, नाहीतर दुसरा फोटोग्राफर सोबत घ्यावा लागतो. दुसरा मुद्दा प्रवेशाचा. कोणी दोघे एकत्र चालत येतात, कोणी दोन बाजूंच्या दोन वाटांनी येऊन मध्ये भेटतात, कोणी आपापल्या आईचा हात धरून येतात. कॅमेरा कुठे असावा, हे त्यावर ठरते. दोन वाटा असतील तर एक कॅमेरा दोन्ही चेहरे एकाच वेळी टिपू शकत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत नाजूक, तो नातेवाइकांचा. काही घरांत एका बाजूचे आईवडील आलेलेच नसतात. ‘आता मुलाकडच्यांनी या’ अशी हाक सभागृहात दिली आणि कोणीच पुढे आले नाही, तर तो क्षण दिवसभर सलत राहतो. म्हणून समूहफोटोंची यादी नावानिशी आधी करून घेतात. जन्माच्या नात्यांच्या जागी अनेकदा जुने मित्र, घरमालकीण, महाविद्यालयातली शिक्षिका अशी माणसे उभी असतात आणि फोटोत त्यांना नातेवाइकांइतकीच जागा द्यावी लागते. एका समूहाला तीन मिनिटे धरली, तर दहा समूहांना अर्धा तास जातो. त्याहून लांब यादी असेल तर पाहुणे कंटाळतात आणि ते चेहऱ्यांवर दिसते.

चौथा मुद्दा नोंदणी अधिकाऱ्याच्या नियमांचा. इंग्लंड-वेल्समधल्या नागरी विवाहात धार्मिक विधी चालत नाही, दोन साक्षीदार लागतात आणि कायद्याने ठरवलेली वचने उच्चारावीच लागतात. त्या वेळी फ्लॅश वापरायचा की नाही, कुठे उभे राहायचे, हे अधिकारी सांगतो. सहीच्या वेळी खऱ्या कागदाचा फोटो सहसा घेऊ देत नाहीत. सह्या उरकल्यावर कोऱ्या कागदावर पेन टेकवून जो फोटो काढतात, तोच अल्बममध्ये जातो. २०२१ च्या जुलैपासून मान्यताप्राप्त जागेच्या आवारात, उघड्यावरही नागरी विवाह लावता येऊ लागले. फोटोग्राफरच्या दृष्टीने हा बदल मोठा, कारण सभागृहातल्या पिवळ्या दिव्यांऐवजी त्याला आभाळाचा उजेड मिळाला.

उजेडाचे वेळापत्रकही याच बैठकीत ठरते. लंडनमध्ये जूनअखेरीस सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, तर डिसेंबरच्या मध्यावर दुपारी चारच्या आतच. हिवाळ्यातल्या लग्नाचे जोडीचे फोटो जेवणानंतर ठेवले, तर ते अंधारातच काढावे लागतात.

हाताने केलेल्या वस्तू

घरगुती लग्नात वस्तू म्हणजे नुसती सजावट नसते. तिच्यामागे कोणीतरी माणूस असतो. म्हणून फोटोग्राफर बैठकीत एक साधी यादी मागतो: काय केले आहे, कोणी केले आहे, आणि कशापासून. या यादीशिवाय शंभर वस्तूंचे शंभर सुंदर फोटो निघतील, पण आजीच्या हातची उशी आणि बाजारातून आणलेली मेणबत्ती यांना अल्बममध्ये सारखेच मोल मिळेल.

उदाहरणार्थ, पताका घेऊ. एकीच्या वडिलांचे चौकड्यांचे जुने शर्ट आणि दुसरीच्या लहानपणीचे फुलाफुलांचे फ्रॉक कापून पताका शिवल्या आहेत, असे समजू. दुरून त्या रंगीत त्रिकोण दिसतात. जवळ गेल्यावर एका त्रिकोणावर शर्टाचा खिसा तसाच राहिलेला दिसतो, दुसऱ्यावर बटणाचे काज, तिसऱ्यावर थोडी वाकडी गेलेली शिलाई. समोरून फ्लॅश मारला तर हे सगळे सपाट होते. उजेड खिडकीतून, कापडाला जवळजवळ समांतर येऊ दिला, की प्रत्येक टाक्याची बारीक सावली पडते आणि कापडाचा पोत उठून येतो. अशा फोटोसाठी फोटोग्राफर मॅक्रो लेन्स वापरतात आणि अ‍ॅपर्चर एफ ५.६ ते एफ ८ च्या आसपास ठेवतात. एफ १.८ वर मागचे सगळे छान धूसर होते, पण इतक्या जवळून एकच टाका स्पष्ट येतो आणि खिसा धूसर होतो.

एका वस्तूचे तीन फोटो घ्यावेत, अशी एक उपयोगी रीत आहे. पहिला वस्तू एकटी, जवळून. दुसरा तिच्या जागी, सभोवतालासह: पताका तुळईवर, खाली माणसे. तिसरा माणसाच्या हातात किंवा वापरात. केकवरची विणलेली बाहुली ही तिसऱ्या फोटोतच बोलकी होते, कारण विणणारी मावशी बाहुलीचा वाकडा झालेला चष्मा सरळ करत असते. पाहुणे आत येण्यापूर्वीची दहा-पंधरा मिनिटे पहिल्या दोन प्रकारांसाठी राखून ठेवावी लागतात. एकदा मंडळी बसली, की टेबलांवर पर्सा, मोबाइल आणि अर्धे ग्लास येतात.

कागदाची फुले, जुन्या नकाशांच्या घड्यांतून केलेले गुच्छ, बटणांचे गुच्छ, हाताने लिहिलेली आसनपत्रे, टेबलांना क्रमांकाऐवजी दिलेली सहलींच्या गावांची किंवा आवडत्या मांजरांची नावे, असे प्रकार या लग्नांत हमखास असतात. त्यांतल्या अक्षरांचे फोटो समोरून, कॅमेरा सरळ धरून घ्यावेत, म्हणजे वीस वर्षांनीही मजकूर वाचता येतो. बटणांचा किंवा मण्यांचा गुच्छ चकाकतो, त्यामुळे तो थेट उन्हात न धरता सावलीत धरतात. आणि जी वस्तू फसली आहे, तीही टिपावी. एका बाजूला कललेला केक घरच्यांना पुढे सर्वांत जास्त आठवतो.

खेळकरपणा टिपताना

या लग्नांतली थट्टामस्करी वरवरची नसते. अनेक जोडप्यांनी आपले नाते वर्षानुवर्षे जपून, दबक्या आवाजात सांभाळलेले असते. त्यामुळे लग्नाच्या दिवशी मोकळेपणाने हसणे हीच त्यांची खरी चैन असते. कोणी सुटाखाली वेगवेगळ्या रंगांचे मोजे घालतो, कोणी कुत्र्याच्या गळ्यात अंगठ्यांची पिशवी बांधतो, कोणी नृत्याची सुरुवात गंभीर करून मध्येच विनोदी वळण घेतो. फोटोग्राफरला एकच पथ्य पाळावे लागते: जोडप्याने केलेली गंमत टिपायची, जोडप्याची गंमत करायची नाही. चित्रपटांनी समलिंगी जोडी अनेक वर्षे हशासाठी वापरली. त्याच धाटणीच्या पोझ सुचवल्या, तर लग्नघरातला विश्वास क्षणात उडतो.

हशाचा फोटो घेताना विनोद सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांकडे लक्ष ठेवावे लागते. मित्रांच्या भाषणाच्या वेळी एक कॅमेरा वक्त्यावर आणि दुसरा जोडप्यावर असेल, तर उत्तम. फोटोग्राफर एकटा असेल, तर तो अशा कोनात उभा राहतो की लेन्स थोडी वळवताच वक्ता आणि जोडपे दोन्ही मिळतात. हशा पिकल्यानंतरच्या एक-दोन सेकंदांत लोक डोळे पुसतात आणि एकमेकांकडे पाहतात. कॅमेरा लगेच खाली ठेवणाऱ्याला हे फोटो मिळत नाहीत.

पाकळ्यांची उधळण हा इंग्लंडमधल्या लग्नांचा ठरलेला कार्यक्रम. वाळवलेल्या फुलांच्या पाकळ्या पाहुण्यांना कागदाच्या सुरळ्यांतून वाटतात. पाकळ्यांऐवजी प्लास्टिकचे तुकडे उधळायला अनेक ठिकाणी मनाई असते. पाहुण्यांच्या दोन रांगांतून जोडपे चालत येते आणि फोटोग्राफर समोरून मागे मागे सरकत सलग फोटो घेतो. शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद ठेवले, तर पाकळ्यांच्या रेघा होतात. १/१००० वर त्या हवेत जागच्या जागी थबकतात. मागची बाजू गडद असेल, झाडी किंवा दाराची सावली, तर पाकळ्या उठून दिसतात. पाहुण्यांना एकदम न उधळता वर आणि थोडे पुढे टाका, एवढे सांगितले तर पाकळ्या चेहऱ्यांवर न आदळता भोवती पडतात.

नाचाच्या वेळी गणित उलटे होते. शटर १/१५ सेकंदापर्यंत मंद करून शेवटच्या क्षणी फ्लॅश उडवला, की मागचे दिवे ओढल्यासारखे दिसतात आणि चेहरे मात्र स्पष्ट राहतात. एका कोपऱ्यात झटपट छापणारा कॅमेरा, पुठ्ठ्याच्या मिशा आणि जुन्या टोप्या ठेवल्या, तर पाहुणे स्वतःच आपले फोटो काढतात आणि वहीत चिकटवून खाली दोन ओळी लिहितात. व्यावसायिक अल्बमच्या शेजारी ही वही ठेवली तर कधीकधी तीच जास्त उघडली जाते.

दोन काळे सूट, दोन पांढरे झगे

पांढरा झगा आणि काळा सूट शेजारी असले, की कॅमेऱ्याला दोन आकार सहज वेगळे करता येतात. दोन काळे सूट मिठीत असले, की दोघांचा मिळून एकच काळा ठोकळा होतो. त्यावर उपाय तीन. उजेड बाजूने किंवा मागून घ्यावा, म्हणजे खांद्यांच्या कडा उजळतात. मागची भिंत फिकी निवडावी. आणि दोघांमध्ये बोटभर फट राहील असे खांदे वळवावेत. काळ्या कापडातला तपशील टिकावा म्हणून फाइल रॉ स्वरूपात घेतात. सावल्या नंतर थोड्या उजळता येतात.

दोन पांढऱ्या झग्यांची अडचण वेगळी. चौकटीत पांढरे जास्त असले की कॅमेऱ्याचे मापक फसते आणि फोटो करडा येतो. म्हणून प्रकाश दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवतात, मात्र लेस आणि नक्षी पांढऱ्यात बुडू नये म्हणून कॅमेऱ्यातल्या प्रकाशाच्या आलेखावर नजर ठेवतात. शिवाय दोन पांढरे रंग क्वचितच सारखे असतात. एक झगा शुभ्र आणि दुसरा सायीच्या रंगाचा असेल, तर संगणकावर दोन्ही शुभ्र करण्याचा मोह टाळावा, कारण घालणाऱ्यांनी तो फरक विचारपूर्वक निवडलेला असतो. त्वचेच्या रंगाचेही तसेच. एक गोरी आणि एक सावळी असेल, तर दोघींना पुरेल असा मऊ, पसरलेला उजेड शोधावा लागतो.

अंतरपाट आणि अक्षता

ब्रिटनमध्ये एखाद्या जोडप्यातली व्यक्ती मराठी असेल, तर फोटोग्राफरला बहुधा दोन समारंभ टिपावे लागतात. नागरी विवाहात धार्मिक विधी चालत नसल्याने कायदेशीर नोंद एकीकडे आणि मंगलाष्टके, सप्तपदी दुसरीकडे, असे विभाजन होते. मराठी लग्नातला कळसाचा क्षण अंतरपाटाचा. दोन माणसे कापड आडवे धरून उभी राहतात, दोन्ही बाजूंचे चेहरे एकमेकांना दिसत नाहीत, आणि शेवटच्या ‘सावधान’ला कापड दूर होते. हा क्षण बाजूने, कापडाच्या कडेच्या रेषेत उभे राहून घेतला, तर दोन्ही चेहरे एकाच चौकटीत येतात. अक्षता बारीक असल्याने पाकळ्यांसारख्याच वेगवान शटरने टिपाव्या लागतात.

हातच्या वस्तूंची परंपरा तर मराठी लग्नात जुनीच आहे. रुखवतात मांडलेले सुपारीचे भटजी, लोकरीची तोरणे आणि मण्यांच्या महिरपी हे घरच्या बायकांचे कसब. रुखवत एरवी मुलीकडचे असते. इथे दोन्ही घरे आपापले रुखवत मांडू शकतात आणि वस्तूंची यादी विचारण्याची रीत त्यालाही तशीच लागू पडते.

भारतात काळजी अधिक

भारतात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीने असलेल्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून वगळले. लग्नाचा प्रश्न मात्र सुटला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि हा विषय कायदेमंडळाचा असल्याचे सांगितले. फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. तरीही जोडपी मित्रमंडळींसमोर अंगठ्या आणि हार घालून आपले नाते जाहीर करतात. त्या सोहळ्यांना कायद्याचे पाठबळ नाही आणि त्यांचे फोटो म्हणजे विवाहाचा पुरावा नव्हे.

म्हणूनच इथे फोटोंच्या गुप्ततेला जास्त महत्त्व येते. जोडप्यातला एक जण घरी मोकळा असतो, पण कार्यालयात नसतो. पाहुण्यांतही काही जण असे असतात. आपला नमुना म्हणून एखादा फोटो इंटरनेटवर टाकण्यापूर्वी दोघांचीही लेखी परवानगी घ्यावी आणि कोणते पाहुणे दिसू नयेत याची यादी घ्यावी. कायदाही इथे माहीत असावा. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. ब्रिटनमध्ये हक्क फोटोग्राफरचा असतो, मात्र खासगी वा घरगुती कारणासाठी काढून घेतलेले फोटो लोकांसमोर न येऊ देण्याचा अधिकार १९८८ च्या कायद्याने ग्राहकाला दिलेला आहे.

फोटो टिकवायचे कसे

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १९५७ साली दोन पुरुषांनी एका घरात मित्रांसमोर लग्नाचा सोहळा केला. केक कापला, चुंबन घेतले, भेटी उघडल्या, आणि कोणीतरी या सगळ्याचे फोटो काढले. फिल्म धुण्यासाठी दुकानात दिली, तेव्हा दुकानाच्या व्यवस्थापकाला ते फोटो आक्षेपार्ह वाटले आणि ते परत दिलेच गेले नाहीत. अनेक दशकांनी ते विक्रीला आले, एका संग्राहकाच्या हाती लागले आणि आज लॉस एंजेलिस व फिलाडेल्फिया येथील संग्रहांत आहेत. फोटोंवर नावे नव्हती. ते दोघे कोण, हे शोधण्यासाठी संशोधकांना वर्षानुवर्षे खटपट करावी लागली.

आजच्या फोटोग्राफरकडे फिल्म अडकवून ठेवणारा दुकानदार नाही, पण बिघडणारी हार्ड डिस्क आणि विसरलेला पासवर्ड आहे. लग्नाच्या दिवशी दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणारा कॅमेरा वापरावा. नंतर तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. निवडक फोटो चांगल्या कागदावर छापून घ्यावेत. अल्बममध्ये प्रत्येक वस्तूखाली ती कोणी केली, ते लिहावे. फोटो कोणाचा आहे, कुठला आहे आणि कोणत्या तारखेचा आहे, हे मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नोंदवायला एक मिनिट पुरते. ते मिनिट कोणीही वाचवू नये.